शेळीचा इलाज

जीप अंगणात शिरली तेव्हा प्रसेनजित बहिणीचं हिरवं लुगडं डोक्यावरून पांघरून लिंबाखाली बसला होता. हे दृश्य व्याह्याच्या नजरेस पडू नये म्हणून काही करायचं, तर किसनरावांच्या हाती धूळ खाली बसेपर्यंतचा वेळ होता. तेवढ्या वेळात त्यांनी एकदा पोराकडे पाहिलं, एकदा जीपकडे पाहिलं आणि ठरवलं की लपवण्यापेक्षा मिरवणं बरं. आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं.

"या इवाई, या! सावलीत या."

कडूबा उतरले. पिंपळगाव राजाचा हा मोठा कास्तकार धोतर सावरत, डाव्या हातात स्वतःची पाण्याची बाटली धरून उभा राहिला आणि जावयाकडे पाहू लागला. गल्लीत जयंतीची निळी तोरणं अजून उतरली नव्हती. ऊन असं की लिंबावरचा कावळासुद्धा चोच उघडून बसलेला.

"जवाईबापूले थंडी वाजून राह्यली का?" कडूबांनी विचारलं. "एप्रिल महिना हाय."

"थंडी नाई," किसनराव म्हणाले. "तयारी हाय."

लुगड्याच्या आतून प्रसेनजित म्हणाला, "मामाजी, मले काई इचारू नका. चार दिवस झाले, तीन लुगडी झाली. ताईच्या पिठाच्या गिरणीचा वास माह्या नाकात गेला तो निघूनच नाई राह्यला."

किसनरावांचा इलाज साधा होता. करडू मेलेल्या शेळीच्या पुढ्यात दुसरं पोरकं करडू सोडलं, तर ती त्याला शिंगावर घेते. मग मेलेल्या करडाचं कातडं त्या पोरक्याच्या पाठीवर बांधायचं. शेळीला आखूड दोरीनं खुंट्याला अडकवायचं. ती हुंगते, फुरफुरते, पुन्हा हुंगते आणि शेवटी पाजते. किसनरावांनी असली पन्नास करडं जगवली होती. एका वर्षी, त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे, ज्ञानगंगेच्या जंगलातून भटकलेला बिबट्याचा बच्चाही त्यांनी असाच एका शेळीला लावला होता. तो महिनाभर दूध प्याला आणि पुढे जन्मभर बेंबटतच राहिला. जंगलात त्याची फार पंचाईत झाली म्हणे.

तर प्रसेनजितच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं, दुसऱ्याची बसवू, पण अंग ती परकी समजून झिडकारू शकतं. 'झिडकारू शकतं' हा शब्द किसनरावांच्या कानात पडला मात्र, त्यांच्या डोळ्यापुढं शेळी उभी राहिली. देणार होती थोरली लेक महामाया. म्हणून महामायेची लुगडी, आणि तीही न धुतलेली. ही अट किसनरावांची.

त्यांना स्वतःचीच द्यायची होती. डॉक्टरांपुढे शर्ट काढून ते म्हणाले होते, "हे पाहा, वावरातले रोही, नीलगायी पळवणारं अंग हाय." डॉक्टरांनी अंग पाहिलं, वय पाहिलं, साखर पाहिली आणि हसून शर्ट परत दिला. तो शर्ट घालताना किसनरावांना जे वाटलं, ते त्यांनी कोणालाच सांगितलं नाही, बायकोला, बनाबाईलाही नाही. आपली नाही तर नाही, पण आपल्या रक्ताची तरी जावी, एवढंच त्यांनी मनात धरून ठेवलं होतं.

आजची बैठक मात्र त्यांनी बोलावलेली नव्हती. ती बोलावली होती महामायेची लेक धम्मशीला हिनं. पुण्याच्या प्रयोगशाळेत ती याच विषयावर संशोधन करत होती. सगळ्यांच्या सह्या घेऊन दोन महिन्यांपूर्वी तिनं सगळ्यांचं रक्त नेलं होतं, आणि काल ती आली ते तोंड मिटून. सगळे जमल्याशिवाय सांगणार नाही म्हणाली.

आता सगळे जमले. ओसरीवर सतरंजी टाकली. महामाया भिंतीला टेकून बसली. हिवरा आश्रमला तिची पिठाची गिरणी. गिरणीच्या आवाजावर आवाज काढून काढून ती साधं 'चहा दे' म्हणाली तरी शेजारची म्हैस दचकायची. तिच्यासमोर राखी, प्रसेनजितची बायको, कडूबांची लेक. नणंद-भावजयीचं गेली कित्येक वर्षं एकाच गोष्टीवर एकमत झालं होतं, की प्रसेनजित कोणाचंच ऐकत नाही.

बनाबाईनं चहा आणला. कडूबांनी कपाला हात लावला नाही. "डॉक्टरनं बाहेरचं बंद केलं," म्हणत त्यांनी बाटलीतून दोन घोट घेतले. एकोणीस वर्षांपूर्वी राखीनं प्रसेनजितशी नोंदणी करून लग्न केलं, तेव्हापासून कडूबांच्या डॉक्टरनं ह्या घरचं सगळंच बंद केलेलं होतं. पहिली सात वर्षं तर उंबरठाही. तो डॉक्टर कोण, हे कोणी कधी विचारलं नाही. चहा प्रत्येक वेळी ठेवला जायचा, प्रत्येक वेळी थंड व्हायचा, आणि बनाबाई तो कपाळाला आठी न घालता उचलून न्यायची.

बाटलीच्या त्या दोन घोटांकडे लुगड्यातून दोन डोळे लागले होते. डायलिसिसवाल्याला पाणी मोजून. प्रसेनजितला दिवसाकाठी मिळायचं ते दोन पेल्यांत संपायचं. त्याला राजवाड्याची स्वप्नं पडत नव्हती. गच्च भरलेल्या तांब्याची पडत होती.

"बोल धम्मे," महामाया म्हणाली. "माही कधी काढतात ते सांग. गिरणीवर माणूस लावा लागते."

धम्मशीलेनं चष्मा पुसला. "आबा, आधी थोडं समजावून सांगते. आपल्या शरीरात दोन पहारे असतात. एक पहारा कागद पाहतो. त्याच्यासाठी डॉक्टर खुणा जुळवतात. सहा पाहिल्या. आईच्या तीन जुळल्या, मामीच्या दोन."

"हे गुण जुळवणं मले पटतच नाई," किसनराव म्हणाले. "पत्रिका माह्या बापानं छप्पन सालीच सोडून देल्ल्या. अन् आता हे डॉक्टर लोक सहा गुण घेऊन बसले."

"पत्रिका नाही, आबा. रक्तात दिसतं हे."

"मंग ठीक हाय. दिसते तं बोल."

"तीन अन् दोन यांत आजकाल फार फरक पडत नाही. औषधं चांगली आहेत. पण दुसरा एक पहारा असतो. तो कागद वाचतच नाही. तो..."

"हुंगते," किसनराव पुढे सरकले. "कुत्रा!"

"हाव आबा, कुत्राच." ती हसली, आणि पुण्याची भाषा तिच्या तोंडून जरा गळाली. "आपल्या पेशींवर आणखी एक वेगळीच खूण असते. त्या कुत्र्याले ती सांगते, शांत राय, आपलाच हाय. पण ही खूण ज्या जनुकातून बनते, ते सगळ्यांचं सारखं नसते. थोडा फरक असते. किडनी देणाऱ्याची खूण अन् घेणाऱ्याची खूण वेगळी पडली, तं घेणाऱ्याचं कुत्रं आधी भुंकते. त्याचं भुंकणं ऐकून कागदवाला पहारेकरी उठते. अन् मंग दोघंही त्या किडनीच्या मागं लागतात."

"अन् दोघांची खूण एका गावच्या बोलीवानी सारखी निघाली तं?" किसनरावांनी विचारलं.

"तं कुत्रं जरा शांत राहते. हे उंदरांत पाहिलंय, अन् माणसांच्या काही अभ्यासांतही दिसलंय." ती थांबली. चष्मा पुन्हा पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. "मी आपल्या घरातल्यांची ती खूण पाहिली. मामाची अन् आईची वेगळी निघाली. मामाची अन् मामीची सारखी."

आत फोडणी तडतडली.

"सख्ख्या बहिणीची वेगळी?" किसनरावांचा आवाज बसला. "अन् पिंपळगावची सारखी?"

"तुमच्याजवळ अन् आजीजवळ दोन-दोन प्रती असतात, लेकराले दोघांची एकेक मिळते. आईच्या वाट्याले काही आल्या, मामाच्या वाट्याले दुसऱ्या. मामीचं जुळणं हा योगायोग. गावात किती लोकांचं जुळेल कोणास ठाऊक."

"म्हणजे बाहेरून दोन घरं, अन् आतून बोली एक," किसनराव म्हणाले. कडूबा जीपच्या चाकांकडे पाहू लागले.

"संभाजीनगरचे डॉक्टर म्हणतात दोघींचीही चालेल," धम्मशीला घाईनं म्हणाली. "या खुणेवरून अजून कोणी निर्णय करत नाही. तराजूची दोन्ही पारडी बरोबरीत आली, तर हे चिमूटभर वजन समजा. मामीची बहुतेक जास्त निवांत राहील. कदाचित काहीच फरक पडणार नाही."

कडूबांनी बाटलीचं झाकण सावकाश लावलं. "वा पोरी. लय शिकली. स्वतःच्या मायले वाचवलं अन् माह्या लेकीले टेबलावर झोपवलं."

"दादा!" राखी बापाला म्हणाली.

"तू चूप. मी खोटं बोलून राह्यलो का? रक्त कोणी नेलं? हिनं. पाह्यलं कोणी? हिनं. निकाल कोणाच्या बाजूनं लागला? हिच्या मायच्या. आमच्या इकडं मोजणीदारसुद्धा स्वतःच्या वावराची मोजणी करत नाई."

आता महामाया उसळणार आणि गल्लीतली तोरणं तुटणार, म्हणून किसनराव दोन बोटं मागे सरकले. ती उसळलीही. पण भलतीकडे.

"कडूबामामा बराबर बोलून राह्यले!" ती लेकीवर ओरडली. "मलेही तेच वाटून राह्यलं! मायचं पोट फाडाचं म्हटल्यावर हिचं काळीज हललं. अवो, मी याले कडेवर घेऊन फिरली! याच्या पायात काटा मोडला तं दातानं काढला! अन् माही किडनी याले परकी? कुत्रं भुंकते म्हणे! माह्यावर कोणतं कुत्रं भुंकते ते दाखव मले!"

एकोणीस वर्षांत महामाया आणि कडूबा पहिल्यांदा एका सतरंजीच्या एका बाजूला बसलेले दिसले. दुसऱ्या बाजूला राखीनं धम्मशीलेचा हात धरला. बनाबाई पिठाच्या हातानं दारात आली आणि कोणाची बाजू घ्यावी हे न सुचून अंगणात उतरून तिनं लुगड्यातल्या पोराच्या डोक्यावरूनच पिठाचा हात फिरवला.

"आई, मी खोटं नाही बोलत आहे," धम्मशीला म्हणाली. "माझ्या सरांनीपण तपासलं. नावं झाकून, कोणाचं रक्त आहे हे न सांगता."

"सर तुहे, प्रयोगशाळा तुही," कडूबा म्हणाले. मग ते व्याह्याकडे वळले. "इवाई, तुम्हीच सांगा. तुमची नात हाय. पण तुम्ही सांगा."

सगळे किसनरावांकडे पाहू लागले.

किसनरावांना काय हवं होतं, ते किसनरावांना ठाऊक होतं. नात खोटं बोलली, एवढंच म्हणायचं. महामाया खूश, कडूबा खूश, आणि आपलं रक्त आपल्या पोरात. लुगडीही वाया जात नाहीत. असं पिकलेलं फळ हातात आपसूक पडलं की ते सहसा 'कोणाच्या झाडाचं' म्हणून विचारत नसत.

"धम्मे, इकडं माह्यासमोर बस. तोंडाकडं पाय. राखीची देल्ली तं टिकल का?"

"चांगली आशा आहे, आबा. नक्की नाही सांगता येत."

"अन् तुह्या आईची?"

"तीही बहुतेक टिकेल. कुत्रं भुंकायचा धोका थोडा जास्त. मामाच्या बाबतीत भुंकेलच असं नाही."

"किती जास्त? छातीठोक सांग."

"ते नाही सांगणार. या एका माणसाचं काय होईल, ते कोणालाच माहीत नाही अजून."

किसनराव बराच वेळ तिच्या चष्म्यात पाहत राहिले. त्यात त्यांना स्वतःची दोन लहान तोंडं दिसत होती, आणि दोन्ही नाराज होती.

"पोरगी खरं बोलून राह्यली," ते म्हणाले.

"कायवरून?" कडूबा.

"इवाई, मले सांगा, या पंचक्रोशीत सगळ्यांत मोठा थापाड्या कोण?"

कडूबांनी संकोचून इकडेतिकडे पाहिलं.

"बोला बोला, घरचीच गोष्ट हाय."

"तुम्हीच, इवाई."

"मीच. मी रोह्याले नांगराले जुंपलं अन् एका पहाटंत चार एकर काढलं, हे तुम्हाले सांगतलं ना? तवा 'बहुतेक जुंपलं' असं म्हटलं का? 'कदाचित चार एकर' म्हटलं का? म्हटलं असतं तं तुम्ही तिथंच उठून गेले असते. पन्नास वर्सं झाली मी या धंद्यात. थापेत 'बहुतेक' घातलं की ती नासते, दुधात मीठ पडल्यासारखी. हे पोरगं दर वाक्यात बहुतेक, दर वाक्यात कदाचित! मी हिले एवढं ढकललं, तरी छातीवर हात मारत नाई. खोटंच बोलाचं असतं तं हिनं काय सांगतलं असतं? आईची किडनी घेतली तं मामा दिवाळी पाहत नाई. बस, एका वाक्यात काम झालं असतं, अन् आपण सगळे आतापर्यंत रडून मोकळे झालो असतो." ते थांबले. मग हळूच म्हणाले, "मले माह्या घरची द्याची होती. मनापासून. म्हणून मी तिले खोटं पाडाले लय पाह्यलं. नाई पडत ती."

महामाया काही बोलली नाही. ती बोलत नाही हे ऐकून शेजारची म्हैस हंबरली.

तेव्हा राखी बोलली. "इतक्या वेळात मले कोणी इचारलं का?"

"बाई, तुले काय इचारायचं?" कडूबा म्हणाले. "मी नाई म्हणून राह्यलो ना."

"तवाही तुम्ही नाईच म्हटलं होतं, दादा."

"हाव. म्हटलं होतं."

"मंग? टिकलो ना आम्ही?"

कडूबांच्या हातातली बाटली कुरकुरली. त्यांनी अंगणाकडे पाहिलं, लुगड्यातल्या जावयाकडे पाहिलं, आणि लेकीकडे पाहायचं राहूनच गेलं.

"मीच ठरवीन," राखी म्हणाली. "तवाही मीच ठरवलं होतं. ताईची घेतली असती तरी माही तयारी होती, पण दोघींची चालते म्हणतात अन् चिमूटभर वजन माह्या पारड्यात पडते, तं माही काढा. नवरा माहा हाय. पाण्यावाचून राती ओठ चाटताना मी पाहत असते."

"माह्याकडं कोणी पाहणार हाय का?" लुगडं म्हणालं. "मी इथंच हाय."

"तुह्याकडंच पाहून राह्यली," बनाबाई पहिल्यांदा बोलली. "बीपीच्या गोळ्या देल्ल्या होत्या तवा बरं वाटते म्हणून सोडल्या कोणी? दुकानात पंपाच्या मोटारीची कॉइल बांधताना एक आटा चुकू देत नाई, अन् स्वतःच्या गोळ्या पाखरावानी उडवतो."

"आजी बरोबर बोलली," धम्मशीला डोळे पुसत म्हणाली. "आबा, तुमचा शेळीचा इलाज अर्धा खरा हाय. वासानं काहीच होत नाही, लुगडी फेका. पण दोरी खरी हाय. किडनी बसवल्यावरच्या गोळ्या म्हणजे ती दोरी. कोणाचीही किडनी असो. अन् तुमची शेळी चार दिवसांत माणसाळते. ही शेळी कधीच पुरती माणसाळत नाही असं धरून चालायचं. दोरी जन्मभर."

"दोरी माह्या हातात देजा," किसनराव म्हणाले.

"तुमच्या हातात?" बनाबाई म्हणाली. "गोळी द्याले बसाल अन् बिबट्याची गोष्ट सांगत सांगत स्वतःच खाऊन टाकाल. दोरी माह्याजवळ राहीन."

पहिलं हसू महामायेचं फुटलं, रागातून फुटतं तसं, नाकातून. मग ती उठली. अंगणात जाऊन तिनं भावाच्या डोक्यावरून आपलं लुगडं खसकन ओढून घेतलं. इतक्या दिवसांनी प्रसेनजितचं तोंड उजेडात आलं. सुजलेलं, घामेजलेलं, पिठानं पांढरं झालेलं. ती क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिली. मग ओसरीवरच्या दांडीवरून राखीची विटलेली जांभळी साडी तिनं उचलली.

"धुतलेली नाई ना?" तिनं भावजयीला विचारलं.

"नाई, ताई. कालची हाय."

महामायेनं ती साडी भावाच्या खांद्यावर नीट पसरली, पदर गळ्यापाशी खोचला, आणि त्याच्या गालावरचं पीठ आपल्या लुगड्याच्या टोकानं पुसलं.

"आई," धम्मशीला म्हणाली, "वासानं काही होत नाही म्हटलं ना."

"मले समजते व! तू तुहं पाय. मी माह्यासाठी करून राह्यली."

जेवणं व्हायची होती. राखी आणि महामाया आत गेल्या, आणि भाजीत मीठ किती यावरून त्यांचं नेहमीचं सुरू झालं. त्या आवाजानं घराला बरं वाटलं. ओसरीवर दोघे व्याही राहिले, आणि लिंबाखाली जांभळी साडी.

कडूबांनी बाटली तोंडाला लावली. ती रिकामी होती. त्यांनी ती पुन्हा खाली ठेवली. ऊन असं की जीपचं टपही करपल्यासारखं दिसत होतं.

"इवाई," ते खालच्या आवाजात म्हणाले. "टिकल ना? माह्या लेकीची किडनी?"

किसनरावांच्या जिभेवर उत्तर तयार होतं. शंभर वर्सं टिकते, इवाई. माणूस जाईन पण किडनी चालूच राहीन. तिले पुढं मोटारीले जोडू अन् वावराले पाणी देऊ. हे सगळं टाळूपर्यंत आलं होतं. त्यांनी कडूबांच्या तोंडाकडे पाहिलं. धोतराच्या सोग्यानं डोळ्याची कड पुसत तो मोठा कास्तकार वाट पाहत होता.

किसनरावांनी सगळं गिळलं.

"बहुतेक टिकल," ते म्हणाले.

कडूबांनी मान हलवली. एकदा, दोनदा. मग ओसरीच्या कोपऱ्यातल्या ओल्या माठाकडे पाहत म्हणाले, "वयनीले म्हणा, जरा पाणी द्या."

बनाबाई आतून आली. तिनं काही विचारलं नाही, काही दाखवलं नाही. फक्त पेला न घेता मोठा पितळी तांब्या घेतला, माठात बुडवला आणि काठोकाठ भरून त्यांच्या हातात दिला. कडूबांनी तो दोन्ही हातांनी उचलला. ते पीत राहिले. पाणी मिशांवरून, हनुवटीवरून, सदऱ्यावर सांडलं. गळ्याची घाटी वर-खाली होत राहिली.

लिंबाखालून जांभळ्या साडीतल्या माणसाला ते बघवेना.

"मामाजी," प्रसेनजित ओरडला, "एकोणीस वर्साचं एकदमच पेता का? तांब्या तिथंच ठेवजा. मी येऊन राह्यलो मागून."